काडेपेटी घेऊन आलेली बाई

"बाई, किती दिवसांपासून आहे?" मी काडेपेटी पुढे केली न केली तोच ह्यांनी विचारलं.

"दोन दिवस झाले, साहेब."

"कशावर?"

"घेवड्यावर."

"पानाच्या वर की खाली?"

"खाली."

ह्यांनी मान हलवली. पाठीला दोन उशा, पुढ्यात जेवणाचं घडीचं टेबल. ते टेबल म्हणजे खिडकी. बागखात्याच्या कचेरीत 'कीड ओळख' अशी पाटी लावलेल्या खिडकीमागे ह्यांनी चौतीस वर्षं काढली. लोक डब्यांतून, बाटल्यांतून, रुमालाला गाठ मारून किडे आणायचे. हे नाव सांगायचे, उपाय सांगायचे आणि "पुढचे" म्हणायचे. लोकांनी ह्यांचं नाव किडेसाहेब ठेवलं आणि ओघानं मी किडेवहिनी झाले. पाठीमागे नाही हं, चांगलं तोंडावर म्हणायचे.

लग्न झाल्यापासून ह्यांच्या तोंडी माझं नाव एकच, 'अगं'. गेल्या वर्षी एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर हे म्हणाले, "बाई, रांगेत या." मी मागे सरकून रांगेत उभी राहिले. रांगेत मी एकटीच होते. त्या दिवशी फार वाईट वाटलं. आता वाटत नाही. बसून बसून पायाला मुंग्या आल्या की आपण चिमटा काढून बघतो, तसं मी कधीकधी स्वतःला बघते. काही कळत नाही.

पण किडे ह्यांना लख्ख आठवत होते. नातीचं नाव गेलं, शर्टाची बटणं कुठून लावायची ते गेलं, पण फुलकिडे आणि तुडतुडे एका नजरेत वेगळे काढायचे. म्हणून मी रोज परसातून एक काहीतरी धरून आणायची, काडेपेटी पुढे करायची आणि ह्यांनी काय ओळखलं ते फोनवर मुलीला सांगायची.

"आई, बाबा तुलासुद्धा ओळखत नाहीत," ती म्हणायची.

"किडे ओळखतात ना."

"तू काय किडा आहेस?"

"असते तर बरं झालं असतं."

यावर ती हसायची नाही. तिला माझ्या पाठीची काळजी, ह्यांना उचलून बसवताना धरते ती. शेवटी वैतागून तिनं अट घातली. ज्या दिवशी बाबा किडासुद्धा ओळखणार नाहीत, त्या दिवशी ती माझं काही ऐकून घेणार नाही, सरळ अशा पेशंटांना सांभाळणाऱ्या संस्थेत न्यायचं. काल तिचा फोन आला. तिथली एक खाट रिकामी झालीय, आज सकाळी दहापर्यंत हो की नाही कळवायचंय.

म्हणून आज मी सोपा किडा निवडला. लबाडी म्हणायची तर म्हणा. काडेपेटीत ढालकिड्याची अळी होती. तांबड्या पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सगळ्यांना आवडतो, पण त्याचं पिल्लू दिसायला भयंकर, काळं, काटेरी, नारिंगी डागांचं. ही अळी ह्यांनी विसरणं शक्यच नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी घेवड्यावरच्या असल्या सगळ्या अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात बुडवल्या होत्या. किडेसाहेबांची बायको म्हणजे काय, ते दाखवायचं होतं मला. हे कचेरीतून आले तशी दारातच वाडगा पुढे केला. हे बूट न काढता कितीतरी वेळ बघत राहिले.

"अगं, ह्या मावा खातात," हे म्हणाले. "तू आपलीच माणसं मारलीस."

पंधरा दिवसांत घेवडा माव्याच्या त्या बारीक, रस शोषणाऱ्या किड्यांनी असा भरला की एक शेंग हाताला लागली नाही. तेव्हापासून घरात ते वाक्यच होऊन बसलं. मुलीनं दूध सांडलं, मी ह्यांचे कागद रद्दीत टाकले, की हे म्हणणार, "मारलीस ना आपलीच माणसं?"

ह्यांनी काडेपेटी सरकवली. अळी टेबलावर उतरली आणि तुरुतुरु पळायला लागली. ह्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मारून टाका."

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली.

"साहेब, नीट बघा ना. नारिंगी डाग आहेत."

"दिसतंय मला. पानं खाणारी आहे. एक ठेवू नका, सगळा घेवडा संपवेल."

"ही मावा खाते ना?" आजवर कधी केलं नव्हतं, पण मी उत्तर पुरवलं.

ह्यांनी मान वर केली. रांगेत येऊन शहाणपणा करणाऱ्याकडे बघायचे, तसं बघितलं. "एवढं कळतं तर इथं कशाला आलात?" असं म्हणून अंगठ्यानं अळी टेबलावर चिरडली, सावकाश. "पुढचे."

माझ्या मागे कुणी नव्हतं. मी बाजूला झाले. रडू येईल असं वाटलं, म्हणून थोडी थांबले. आलं नाही.

फोन वाजला तेव्हा साडेनऊ झाले होते.

"आज काय होतं डबीत?" मुलीनं विचारलं.

"घेवड्यावरचं."

"ओळखलं?"

हे अंगठा उजेडाकडे धरून बघत होते. नखाशी पिवळं लागलं होतं.

"आई, ऐकतेयस ना?"

"मावा होता," मी म्हटलं.

"मग?"

"मारून टाका म्हणाले. स्वतःच मारला."

ती म्हणाली, "बरोबर सांगितलं बाबांनी."

"हो."

"ठीक आहे. मग त्या खाटेचं नाही कळवते. पाठीला जप."

मी फोन ठेवला आणि ओलं फडकं आणून ह्यांचा अंगठा पुसला. साबण लावला. नखाच्या कडेचा पिवळा डाग काही निघेना. हे शहाण्यासारखा हात देऊन बसले होते.

"बाई, फरक पडला नाही तर उद्या पुन्हा या," हे म्हणाले.

"येते, साहेब," मी म्हटलं, आणि रिकामी काडेपेटी घेऊन घेवड्यावर मावा शोधायला गेले.