वनरक्षक मेघाचा उजवा गुडघा

मी गुडघा बोलतोय. मेघाचा, उजवा. मेघा मूळची कोंढ्याची. आता ती साकोलीजवळच्या जंगलात वनरक्षक आहे. रोज बारा-पंधरा किलोमीटर गस्त घालते, म्हणजे मीच घालतो. डाव्याचा वाटा मी नाकारत नाही.

जन्मलो तेव्हा माझी वाटी हाडाची नव्हतीच, नुसती मऊ कूर्चा होती. मेघा रांगली, चालली, आणि तीन-चार वर्षांत ती वाटी कडक होत गेली. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं, पुढे ही वाटी. दोन हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या. आणि सगळं जागच्या जागी धरायला चार चिवट दोऱ्या. दोन बाजूंना, दोन आत, एकमेकींना छेदून गेलेल्या. आतली पुढची दोरी नडगीला पुढे निसटू देत नाही. हे सगळं मेघाला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. दुखत नाही तोवर आमची चौकशी कोण करतं?

भरतीत मी तिच्यासाठी तीन किलोमीटर धावलो, मग सोळा किलोमीटर चाललो. गणवेश घालून ती घरी आली तेव्हा तिची आई, देवकाबाई, दारात नुसती बघत उभी राहिली.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, सकाळच्या गस्तीवर, मेघाने एका कोरड्या नाल्यात उडी घेतली. पाऊल दोन दगडांत अडकलं आणि अंग डावीकडे वळलं. माझ्या आत टच असा आवाज झाला. वनमजूर धनीरामभाऊ सोबत होते, त्यांनाही तो ऐकू आला. त्यांनी बांबूच्या कामट्या लावून गमछ्याने मला बांधलं आणि तिला सायकलवर बसवून, सायकल हाताने ढकलत वनखात्याच्या नाक्यापर्यंत आणलं. दुपारपर्यंत मी टम्म फुगलो.

दोन आठवड्यांनी सूज उतरली. मेघाला वाटलं, झालं बरं. साधी मुरगळ होती, असं तिने सगळ्यांना सांगितलं. पाय गेला असं कळलं तर जंगलातून काढून कचेरीतल्या टेबलावर बसवतील, ही तिची भीती. क्रेप बँडेज गुंडाळून ती परत गस्तीला लागली. सरळ वाटेवर मी चालत होतो. उतारावर, वळणावर मात्र मधूनच निसटायचो. ती थांबायची, बुटाची नाडी बांधल्यासारखं करायची. धनीरामभाऊ दोन पावलं पुढे जाऊन वाट बघायचे.

मार्चमध्ये मोहाच्या झाडाखाली अस्वल दिसलं, पाठीवर दोन पिल्लं घेतलेलं. मेघा आणि धनीरामभाऊ हळूच मागे सरकू लागले. मेघा वळली आणि त्याच क्षणी मी दगा दिला. ती जमिनीवर आली. अस्वल दोन पायांवर उभं राहिलं. पळायला वाट मोकळी होती, पण धनीरामभाऊ तिच्यापुढे येऊन काठी आडवी धरून उभे राहिले. अस्वलाने बराच वेळ हुंगलं, मग ते खाली झालं आणि झुडपात शिरलं.

नाक्यावर पाणी पिऊन झाल्यावर धनीरामभाऊ म्हणाले, "मॅडम, तुमचा पाय निसटते हे मले महिन्याभरापासून दिसून राहिलं. तुमी पडल्या तर मी तुमाले टाकून जानार नाही. पण माह्याही घरी लेकरं आहेत."

मेघाने माझ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "भाऊ, चुकलं माझं." त्याच दुपारी तिने आपल्या वरच्या साहेबांना सगळं खरं सांगितलं.

नागपूरला तपासणी झाली. पुढची दोरी पूर्ण तुटलेली, आतली गादी काठाशी फाटलेली. डॉक्टरांनी मांडीच्या मागच्या स्नायूचं दोरीसारखं टोक, म्हणजे कंडरा, काढून माझ्यात नवी दोरी बसवली, गादीला टाके घातले. त्यांनी बजावलं की अर्धं काम आमचं, उरलेलं तुझं, आणि नऊ महिने घाई करायची नाही.

ते नऊ महिने कोंढ्याला आणि कचेरीत गेले. टॉवेलची गुंडाळी माझ्याखाली ठेवायची, मी ती खाली दाबायची आणि दहा मोजेपर्यंत दाबून धरायची. मोजायचं काम देवकाबाईंचं. सातवर आलं की त्यांना शेजारच्या सुशीलाबाईंची काहीतरी गोष्ट आठवायची आणि आकडे परत एकपासून सुरू व्हायचे. मेघा चिडायची. मांडी मात्र त्यामुळेच भरली, असं मला वाटतं.

कचेरीतल्या दिवसांत मेघा जंगलाचे नकाशे नीट लावायला शिकली, आणि ते तिला आवडलंही. टेबलाची भीती उगाच होती.

आता मी पुन्हा गस्तीला जातो. थंडीत जरा आखडतो, पूर्ण उकिडवं बसायला कुरकुरतो. नाला आला की मेघा उडी मारत नाही. काठावर थांबते, धनीरामभाऊंचा हात धरते आणि दगड बघून उतरते. त्यांच्याशी ती आता खोटं बोलत नाही, दुखलं तर सांगते. मला एवढं पुष्कळ आहे.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही पायात आमच्यासारखे दोघं आहेत. ते निसटू लागले, तर सोबत चालणाऱ्याला आधी सांगा.

येतो. बूट चढवून झालेत तिचे.