हिरव्या पानावाचून

“थांबव आता. गढूळ यायला लागलं.”

पिंपातल्या दिवसांतला माझ्या आठवणीतला सगळ्यात जुना आवाज हा. देमेत्रियो तळघरात पिंपासमोर उकिडवा बसला होता. त्याच्या एका हातात काचेचा पेला होता, आणि पेल्यामागे जळती मेणबत्ती. मी धारेने पडत होते. माझ्यातून ज्योत स्वच्छ दिसेनाशी झाली, तशी त्याने लेकीला तोटी बंद करायला लावली. गाळ मागे राहिला, मी दुसऱ्या पिंपात गेले. दर चार-सहा महिन्यांनी हे असंच चाले. गाळाचा कणही त्या माणसाच्या नजरेतून सुटत नसे.

मित्रांनो, मी एक जुनी लाल वाईन आहे. सतरा वर्षांची. तुम्हांला हे वय कोवळं वाटेल, पण आमच्यात एवढ्यात अंग थकतं. काठाशी माझा रंग विटकरी झाला आहे. तीन पिंपांतून माझ्या नऊशे बाटल्या भरल्या होत्या, त्यांतल्या चार उरल्या. एकाच घरातली एकच गोष्ट नऊशे बाटल्यांत पोटाशी धरून पडून राहायचं, म्हणजे दमायला होतं हो.

माझा जन्म डोंगराच्या पायथ्याशी, गोट्यांच्या उतारावर झाला. तिथल्या वेली देमेत्रियोच्या आजोबांनी लावलेल्या. बुटक्या, वाकड्या, म्हाताऱ्यांच्या बोटांसारख्या गाठाळलेल्या. घड थोडे लागत, पण मणी काळेभोर आणि जाड सालीचे. देमेत्रियोची लेक आरांचा शहरातली नोकरी सोडून परतली आणि तिने बापाला शब्द द्यायला लावला, की आता या मातीत विष पडणार नाही. मोरचूद मोजून, गंधक बेताने, बाकी खाजऱ्या पाल्याचा काढा. बापाला ते मनातून पटलं नव्हतं. तरी लेक घरी आली होती, म्हणून त्याने शब्द दिला. तीन वर्षं काढे उकळले आणि चौथ्या वर्षी मळ्याला सेंद्रियतेचा दाखला मिळाला. बाटलीवर हिरवं पान छापायला मिळणारं पहिलं पीक माझंच होतं. आरांचाने त्या पानाचं चित्र स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवून ठेवलं होतं.

त्या जूनमध्ये पाऊस हटेना. मी तेव्हा मोहरीएवढी, हिरवी, आंबट, घडात दाटून बसलेली होते. आरांचाची आई कासिल्दा हिच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, म्हणून मायलेकी चार दिवस लोग्रोन्यो शहरात दवाखान्यात राहिल्या. मळ्यात देमेत्रियो एकटा. दुसऱ्या दिवशी आजोबांच्या वेलींच्या पानांवर तेलकट डाग उमटले. केवडा, वेलींचा बुरशीरोग. त्याने पान उलटं करून पाहिलं, खाली पांढरी लव धरली होती. तो कितीतरी वेळ ओळीओळीतून फिरला. एका बुंध्याला हात लावून उभा राहिला, माणूस गेलेल्या घरात उभं राहावं तसा.

तिसऱ्या दिवशी उजाडताना तो पाठीवर पंप घेऊन आला. त्या वासाचा काढ्याशी काही संबंध नव्हता. थेंब पानावर पडला आणि पानातून देठात, देठातून माझ्यात उतरला. ते आंतरप्रवाही औषध होतं, लागलीच आत झिरपणारं. ओळ संपली की तो मागे वळून पाही आणि पुन्हा दांडा मारू लागे.

केवडा थांबला. कासिल्दा डोळ्यांवरची पट्टी काढून घरी आली आणि म्हणाली, “आता लख्ख दिसतंय. तुझं तोंड इतकं जुनं झालंय, हे कुणी सांगितलं कसं नाही मला?” सगळे हसले. देमेत्रियोही हसला. सांगायची वेळ तीच होती. ती टळली.

मग तोडणी झाली, मी फसफसले, निवळले, आणि ओकच्या नव्या पिंपांत गेले. पिंप आतून विस्तवावर शेकलेलं असतं, मित्रांनो. त्याला भाजल्या बदामाचा वास येतो. लाकडाने मला हळूहळू श्वास घ्यायला शिकवलं. पहिल्याच हिवाळ्यात दाखला देणारी माणसं आली आणि माझी एक बाटली भरून तपासायला घेऊन गेली. महिन्याने कागद आला. औषधाचा अंश सापडला होता. कणभरच, पण सापडला.

मी तेव्हा टेबलावर सुरईत होते. आरांचाने कागद तीनदा वाचला आणि खिडकीतून पलीकडच्या उतारावर बघत राहिली. तो मळा सातुरचा. सातुर देमेत्रियोचा शाळेपासूनचा सोबती, आरांचाचा सातुरकाका. तो जुन्या पद्धतीने औषधं मारी. वाऱ्याने उडून आलं, दुसरं काय, असं ती म्हणाली. देमेत्रियो पाव कापत होता. तो कापतच राहिला. चौघांना पुरेल एवढा पाव झाला, घरात माणसं तीन.

ती तशीच सातुरच्या दारात गेली आणि भलंबुरं बोलली. परत आली ती रडतच. सातुरने कबूल केलं म्हणाली. तो काय म्हणाला, असं बापाने विचारलं. “म्हणाला, ‘असेल बाई.’ एवढंच. माफीसुद्धा नाही मागितली.”

हिरवं पान गेलं. पुढच्या पिकांना ते पुन्हा मिळालं, मला कधीच नाही. पिंपातून चाखणाऱ्यांनी डोळे मिटून माझी तारीफ केली, पण दुकानात मला पाठवलं नाही. मी घरातच संपत गेले, बारशाला, लग्नाला, तोडणीच्या जेवणाला. उरलेल्या बाटल्या तळघराच्या कोपऱ्यात गेल्या, धुळीने आंधळ्या झाल्या. दोन मळ्यांच्या मध्ये आरांचाने झुडपांची दाट रांग लावली. सातुर दिसला की ती वाट बदले. देमेत्रियो अधूनमधून कोपऱ्यात येई, माझ्या अंगावरून अंगठा फिरवी आणि परत ठेवून देई. त्याचं ओझं तो इथे थोडं उतरवून जाई. ते पुन्हा वर चढताना त्याच्या पाठीवर असेच, आणि माझ्यावरही उरे.

मित्रांनो, मागणं एवढंच. बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. ऊन लागू देऊ नका, उगाच हलवू नका. आणि जे तुमच्या तोंडून निघायला हवं, ते आमच्या पोटात साठवू नका. ओकचं लाकूड तुरटपणा गिळतं. हे नाही गिळत. सतरा वर्षांत मी मवाळ झाले, मनाने मात्र निवळले नाही.

या फेब्रुवारीत छाटणी आटोपली. अंगणात वाळक्या काड्यांचा जाळ केला होता आणि निखाऱ्यावर कोकराच्या बरगड्या चढल्या होत्या. भरदुपारी फाटकात सातुर उभा राहिला, टोपी हातात. गुडघे गेले होते, मळा पुतण्याला दिला होता. सोमवारी तो मुलीकडे बिल्बाओला कायमचा निघाला होता. कासिल्दाचा निरोप घ्यायला आला होता. आरांचाने मान वर केली नाही.

“आत ये,” कासिल्दा म्हणाली. “इतकी वर्षं झुडपांपलीकडून खोकत होतास, आज फाटकातून खोक.”

तो बाकाच्या टोकाशी बसला. देमेत्रियो तळघरात उतरला आणि मला घेऊन वर आला. किती दिवसांनी ऊन लागलं. बूच अर्ध्यात तुटलं.

“बाबा, ती कशाला?” आरांचाचा चिमटा थांबला. “चारच राहिल्यात. आणि तीसुद्धा यांच्यासाठी?”

सातुर म्हणाला, त्याला साधं पाणी चालेल.

“पाणी तुझ्या घरीही येतं,” कासिल्दा म्हणाली. “बस गुपचूप.”

देमेत्रियोने पहिला पेला सातुरला भरला. काठाशी आल्यावरही ओततच राहिला आणि मी टेबलावर सांडले.

“एकदा तरी चूक झाली म्हणायचं होतं यांनी,” आरांचा हळूच म्हणाली. “दुसरं काही नको होतं मला.”

सातुरने पेल्यात बघत म्हटलं, जाऊ दे पोरी, झालं ते झालं.

देमेत्रियोने बाटली खाली ठेवली. दोन्ही हात टेबलावर टेकवले.

“तू गप्प बस, सातुर. फार वर्षं गप्प बसलास, आता शेवटचं बस.” मग तो लेकीकडे वळला. “वाऱ्यानं काही आलं नव्हतं. तुम्ही दवाखान्यात होतात, तेव्हा आजोबांच्या वेलींवर मीच मारलं ते औषध. याच्या दारात जाऊन मागून आणलं. हा देत नव्हता, आरांचा. आधी पोरीला विचार, म्हणत होता.”