जड दगडांची भिंत

खाणीवर शेवटचा उरलेला माणूस म्हणजे थापाड्या. त्याचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण तो हजेरीपट उंदरांनी खाल्ला, असं तो सांगायचा; आणि तेव्हापासून उंदीर रोज सकाळी वेळेवर कामावर हजर असतात, हेही. ऐकायला कोणी नसलं तरी सांगायचा. कधीकाळी तीनशे माणसं होती तिथे. आता उरलं होतं एका बोगद्याचं तोंड, त्यावर गंजलेलं फाटक आणि फाटकाचा पहारेकरी, म्हणजे हा.

त्या दिवशी कंपनीची भूगर्भतज्ज्ञ बाई आली. तिच्या अहवालात 'सोनं संपलं' असं आलं, की बोगद्याचं तोंड काँक्रीटनं बुजवायचं ठरलं होतं. बुजवलेल्या भोकावर कोण पहारा ठेवतो? मग थापाड्याला शहरात, मुलाकडे जावं लागणार. तिथे त्याची खाट गॅलरीत, कपडे धुण्याच्या मशीनला लागून. मशीनला गोष्ट सांगायला जावं, तर ते मधेच गरगरायला लागायचं.

म्हणून सकाळपासून त्याचं तोंड चालू होतं.

"बाईसाहेब, या डोंगराखाली एकदा ग्रॅनाइट शिजत होता. झाकण घट्ट. मग गरम पाणी भेगाभेगांतून वर घुसलं आणि जाता जाता गारगोटी ठेवून गेलं, गारगोटीत सोनं. मला चांगलं आठवतंय."

"तुम्ही होतात तेव्हा?"

"होतो की. लहान होतो."

बाई खळखळून हसली. "तेवढं सोडलं तर बाकी सगळं बरोबर आहे, काका."

हसणारं माणूस मिळाल्यावर थापाड्याला आवरतो कोण! सोन्यासाठी आलेल्यांनी सोनंच पाहिलं, तो सांगू लागला. गारगोटीच्या शिरेला जिथे चुनखडक भेटायचा तिथे एक पांढरा दगड निघे. दिसायला साधा, उचलला की मनगट वाकवणारा. सोनं नाही ना? फेका! फेकून फेकून बाहेर दुसरा डोंगर झाला. लोकांनी त्यातूनच फुकटात घरं बांधली. मग कुठे तरी युद्ध पेटलं आणि कळलं, की त्या दगडात टंगस्टन आहे. पोलाद कापणारी पाती त्याचीच होतात. ज्यांनी दगड फेकले होते तेच कुदळी घेऊन उकिरडा उपसायला लागले. त्याची बायको तेव्हा निवडणीवर होती. डोळे मिटून, नुसत्या तळहातावर तोलून दगड ओळखायची.

बाई पुन्हा बोगद्यात गेली आणि थापाड्यानं नको तो उद्योग केला. बायकोची सोन्याची अंगठी पेटीतून काढली, कानस लावली आणि तो कीस बाईनं बाहेर ठेवलेल्या नमुन्यांपैकी चार नंबरच्या पिशवीत भुरभुरला.

दुपारी बाईनं नमुने कुटले, परातीत पाण्यानं हिंदकळवले. चौथ्या परातीच्या तळाशी पिवळं चमकलं. थापाड्या आभाळाकडे बघत उभा. बाईनं भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"काका, या खाणीच्या सोन्यात चांदी असते. फिकट असतं ते. हे तांबूस आहे." ती थांबली. "आणि याच्यावर कानशीचे ओरखडे आहेत."

थापाड्यानं खिशातली कानस आणखी खाली ढकलली.

बाई रागावली नाही. तिनं तो कीस कणन् कण टिपून कागदाच्या पुडीत बांधला आणि त्याच्या हातावर ठेवला. "डोंगर तांबं मिसळत नाही हो. सोनार मिसळतो. कुणाची होती?"

उत्तराऐवजी त्यानं तिला घरात पाणी प्यायला नेलं.

एकच खोली. मागच्या भिंतीचा गिलावा जागोजागी पडलेला. बाई प्यायचं विसरली. भिंतीतल्या एका दगडावरून तिनं बोट फिरवलं, उठून खिडकीवर घोंगडी टाकली, दार लावलं आणि पिशवीतून जांभळट उजेडाचा दिवा काढला.

भिंत पेटली. निळी-पांढरी, थंड, चांदणं गोठल्यासारखी. गिलावा पडला होता तिथे दगडामागून दगड उजळला.

"टंगस्टनचा दगड," बाई हळूच म्हणाली. "या दिव्याखाली असाच दिसतो. कुणी बांधली ही भिंत?"

"तिनं. आमचं लग्न झालं त्या साली. मी ओरडायचो, हलके आण, कंबर मोडेल. म्हणायची, जड आहेत, हलणार नाहीत." तो खाली बसला. "युद्धाच्या साली कंपनीची माणसं घरोघर भिंती फोडत फिरत होती. त्याच्या आदल्याच दिवशी हिनं आतून-बाहेरून गिलावा मारला. मला म्हणाली, फटीतून वारा येतो. वारा! दिवसभर हाच दगड निवडत होती ती, आणि मला पत्ता नाही." त्यानं डोळे पुसले. "जन्मभर थापा मारल्या मी, बाईसाहेब. थाप जमली ती तिला."

भिंतीच्या मधोमध एक काळा चौकोन होता.

"आणि हे?"

"ते माझं. ती गेल्यावर पावसाळ्यात ढासळलं, मी हाताला लागले ते दगड भरले."

बाईनं दिवा मालवून दार उघडलं. मग तोच म्हणाला, "एका भिंतीची खाण होत नाही ना?"

"नाही होत, काका."

"मग लिहा. सोनं संपलं. खरं ते लिहा."

आठ दिवसांनी काँक्रीटची गाडी आली. थापाड्यानं काळ्या चौकोनाच्या कडेचा एक पांढरा दगड कुदळीनं सोडवला, कपड्यांच्या पिशवीत तळाशी ठेवला आणि बस पकडली. कंडक्टरनं वाटेतली पिशवी उचलून बाजूला ठेवायला घेतली आणि त्याचं मनगट वाकलं.

"आजोबा, काय दगड भरलेत का यात?"

"हो," थापाड्या म्हणाला. "दगडच आहे. बायकोनं लपवलेला."

"चला, मारा थापा!" हसत हसत कंडक्टर पुढे गेला.

थापाड्यानं पिशवी मांडीवर ओढून घेतली. शेजारची जागा शेवटच्या थांब्यापर्यंत रिकामीच राहिली.