उदयसिंहची पाठ

“हे ऐकून तुम्ही विश्वास ठेवणार नाही,” रामभाऊंनी पोह्यांवर मूठभर शेव भुरभुरली, “आणि ठेवूही नका. मी स्वतः तिथे होतो, तरी मला अजून खरं वाटत नाही.”

नंदूनं मांडी बदलली. इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या त्याच्या ओट्यावर दर रविवारी सकाळी रामभाऊंची एक गोष्ट होत असे, आणि ती बहुतेक याच वाक्यानं सुरू होत असे. पण आजचा प्रश्न जरा टोचणारा होता. वरच्या खोलीतला नवा भाडेकरू नीरज कंप्यूटरच्या क्लासात शिकवायचा. त्यानं प्लेट हातात घेता घेता सहज विचारलं होतं, “काका, सव्वीस वर्षं मिलमध्ये काढली तुम्ही. मिल बंद पडल्यावर चौकीदाराची एक जागा राहिली होती म्हणतात. ती तुम्हाला कशी नाही मिळाली?”

सहज विचारलेला प्रश्न फार वाईट. मुद्दाम विचारलेल्याला उत्तर तयार असतं. रामभाऊ आता पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्यांना कड्या बसवत, आणि मिलच्या गेटसमोरून जाताना सायकल जरा जोरात चालवत. गेटवर स्टूल होतं. स्टुलावर उदयसिंह होता. तो हात वर करायचा, आणि रामभाऊंचं लक्ष नेमकं तेव्हा सायकलच्या चेनीकडे असायचं.

“मिळाली होती,” रामभाऊ म्हणाले. “मी सोडली.”

नंदूची बायको बेबी दाराशी पाट टाकून बसली होती. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. मांडीवर सातवीच्या वह्यांचा गठ्ठा आणि हातात लाल पेन. पेन क्षणभर थांबलं. मग पुन्हा चालू लागलं.

“ऐक मग,” रामभाऊ नीरजकडे वळले.

मिलला टाळं लागून महिना झाला होता. साचाखातं, म्हणजे सूत कातायचं खातं, त्यात ओळीनं साचे उभे होते, पण आवाज नव्हता. रामभाऊ त्या खात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम, चौदा नंबरच्या साच्यापासून पुढची सगळी ओळ त्यांच्या हाताखाली. सव्वीस वर्षं त्या आवाजात ओरडून बोलल्यामुळे ते घरीही ओरडूनच मीठ मागत. आता घर म्हणजे मिलचीच खोली, आणि ती रिकामी करा अशी नोटीस दाराला चिकटली होती.

तर असा तो काळ, हवेतच काहीतरी होतं, जो तो म्हणायचा सगळं खुलं करा. त्या हवेत हेड ऑफिसातून एक तरुण साहेब आला. टाय, काळा चष्मा, गळ्यात शिट्टी. गेटवर एक स्टूल ठेवायचं होतं आणि अर्ज आले होते दहा. शिवाय उदयसिंह त्या स्टुलावर अठरा वर्षं बसलेलाच होता. जो स्टुलावर बसेल त्याची खोली राहील, बाकीच्यांनी भांडीकुंडी उचलावी.

साहेबानं विचार केला आणि जाहीर केलं, “खुली स्पर्धा होईल. चोर कुठे लपतो हे ज्याला लपता येतं त्यालाच कळतं. तुम्ही दहा जण मिलमध्ये लपा. उदयसिंह शोधेल. बारापर्यंत सगळे सापडले, तर स्टूल त्याचं. एक जरी उरला, तर स्टूल आणि खोली त्या एकाची.”

“काका, हे तर अति झालं,” नीरज म्हणाला.

“आधीच सांगितलं ना भिया, विश्वास ठेवू नको. पोहे खा.”

त्या सकाळी निघताना रामभाऊंच्या बायकोनं, शालिनीनं, त्यांच्या हातात टोपी दिली आणि एवढंच बजावलं, “लपलात की लपून राहा. काय चाललंय म्हणून डोकं बाहेर काढू नका. शेजारी भांडण झालं तरी तुमची मान आधी खिडकीत. तुमची खोडच आहे ती.” रामभाऊ तेव्हाही खिडकीतूनच बघत होते.

खेळ सुरू व्हायच्या आधीच अर्धा तास भांडणात गेला. नंदूनं विचारलं, “राज्य कोणावर?” उदयसिंह चिडला. “राज तो कंपनी का है, भिया. म्हारे तो दाम देनो है.” आता मराठी पोरावर राज्य येतं आणि माळव्याच्या पोराला दाम द्यावा लागतो, काम दोघांचं एकच, भिंतीला तोंड लावून शंभर म्हणायचं. पण साहेब पडला बाहेरचा. त्यानं कान टवकारले. “दाम? किस चीज़ का दाम? हमने कोई दाम तय नहीं किया!” त्याला वाटलं चौकीदार भाव वाढवून राहिला. दहा जणांनी मिळून त्याला समजावलं. तरी त्यानं कागदावर ‘दाम’ लिहिलं आणि ‘राज्य’ खोडलं. नाहीतरी राज्याचे दिवस संपलेच होते.

नियम ठरले. साचाखात्याच्या दाराशी खडूचं वर्तुळ, वर्तुळात ग्रीसचा रिकामा डबा. माणूस नुसता दिसून भागणार नाही. त्याचं नाव घ्यायचं, पळत येऊन डब्यावर पाय ठेवायचा. सापडलेल्यानं डब्यासमोरच्या बाकावर बसायचं, तोंड डब्याकडे, तोंडातून शब्द नाही. आणि नाव चुकलं, तर अंडं फुटलं. पुन्हा पहिल्यापासून.

“अंडा?” साहेब म्हणाला.

“हाव साहेब, अंडा. एक फुटलं की पुन्हा शंभर म्हणायचं.”

साहेबानं तेही लिहून घेतलं.

शंभर सुरू झाले आणि दहा जण पांगले. खरी गंमत इथे होती. एवढी मोठी मिल, एक माणूस त्यात आठवडाभर हरवला तरी कळायचं नाही. पण जो तो पळाला तो थेट आपापल्या खात्यात. विणकर मागाखाली शिरला, काटेवाला वजनकाट्यामागे, रंगवाला रंगाच्या हौदात. आणि हा नंदू, बॉयलरवर बावीस वर्षं कोळसा टाकलेला, बॉयलरच्या पोटात जाऊन बसला. लपायला सांगितलं तर सगळ्यांनी हजेरी लावली.

“मला काय माहीत,” नंदू पुटपुटला. “पाय तिकडेच गेले.”

उदयसिंहचे पायही तिकडेच गेले. अठरा वर्षं त्यानं गेटवरून पाहिलं होतं, कोण कुठल्या दारानं आत जातो. त्यानं बॉयलरचं झाकण उघडलं. आतून एक काळंकुट्ट ध्यान बाहेर आलं, फक्त डोळे पांढरे. उदयसिंह गोंधळला. “बाळकृष्ण!” असं ओरडून तो डब्याकडे पळाला.

नाव चुकलं. बाळकृष्ण तर तिकडे काट्यामागे होता.

आता इंदूरच्या गल्लीत वाढलेल्या माणसासमोर कोणाचं नाव चुकलं, तर त्याच्या तोंडून काय निघणार? मागाखालून, काट्यामागून, हौदातून, गोदामातून, मिलच्या नऊ कोपऱ्यांतून एकदम एकच आरोळी उठली, “अंडंऽऽ!” मिल बंद पडल्यावर तिच्यातून निघालेला तो पहिला मोठा आवाज. नंदू सुटला, उदयसिंहनं पुन्हा शंभर म्हणायला घेतले. पण म्हणताना तो मिशीतल्या मिशीत हसत होता, कारण नऊ जणांनी आपापला पत्ता त्याला ओरडून सांगितला होता. नंदूला दुसरी संधी होती. तो पुन्हा बॉयलरमध्ये जाऊन बसला.

“साहेबानं कागदावर लिहिलं,” रामभाऊ म्हणाले, “अंडा, एक नग, फूटा. पुढे कँटीनवाल्याला त्याचा खुलासा मागवणारं पत्र आलं म्हणतात.”

“नऊ कोपरे कसे?” बेबीनं वहीतून मान न काढता विचारलं. “दहातला नंदू पकडलेला. म्हणजे तुम्हीपण ओरडलात.”

“मी कशाला ओरडू, वहिनी? मोठी इमारत आहे, एक आवाज घुमलेला धरा.”

रामभाऊ खांबाआड होते. लपण्याचं शास्त्र लोकांना वाटतं तसं नसतं. लोक जाड वस्तू शोधतात. खरं तर वस्तू कितीही जाड असो, माणूस तिच्यामागे थिजून उभा राहिला की गेला. शोधणारा फिरतो, तशी आडही फिरली पाहिजे. तो डावीकडे सरकला, आपण उजवीकडे, मध्ये खांब. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा खांब, पोटरीएवढा. रामभाऊ तेव्हा त्याहून थोडेच रुंद. दुसरं, पाठीला उजेड घ्यायचा नाही. साचाखात्याचं छप्पर करवतीच्या दातांसारखं, त्यात उत्तरेकडच्या काचा. उजेडाकडे पाठ केली की माणूस खांबाआड आणि सावली खांबाबाहेर, सावली आधी पकडली जाते. आणि तिसरं सगळ्यांत मोठं. ज्या फटीतून तुला त्याचा डोळा दिसतो, त्या फटीतून त्यालाही तुझा दिसतो. नजर काही एका बाजूनं धावणारी आगगाडी नव्हे.

“अगदी बरोबर,” बेबी म्हणाली, आणि एका वहीवर बरोबरची खूण केली.

उदयसिंह दुसऱ्यांदा निघाला. त्यानं काटेवाल्याला काट्यामागून आणलं, विणकराला मागाखालून, रंगवाल्याला हौदातून पाय धरून. नंदूसाठी तर त्यानं झाकणही उघडलं नाही, बाहेरून टकटक केली. बाक भरत गेला. मग तो साचाखात्यात आला. चौदा नंबरच्या ओळीत शिरला. रामभाऊ खांबाभोवती सरकले, तो पुढे आला, ते मागे गेले, तो वळला, ते फिरले, आणि असं फिरता फिरता खांब संपला आणि रामभाऊ थेट उदयसिंहच्या पाठीशी निघाले.

“आणि मग?” नीरजनं प्लेट खाली ठेवली.

“मग तिथेच राहिलो.”

सहा फूट माणूस, कपाटासारखी पाठ. शोधणारा सगळीकडे बघतो, स्वतःची पाठ कधी बघत नाही. रामभाऊंनी चपला साच्याखाली सारल्या आणि पावलाला पाऊल लावलं. उदयसिंहचा बूट करकरला की यांचं अनवाणी पाऊल पडायचं. तो खाली वाकला, हे वाकले. तो शिंकला, तेव्हा यांना खोकायची संधी मिळाली. तो गोदामात गेला, जिना चढला, पंपघर पाहिलं, आणि त्या सगळ्या प्रवासात रामभाऊ त्याच्या सदऱ्यावरचा घामाचा नकाशा बघत मागे मागे. पाऊण तास!

“पण बाकावरचे?” बेबीनं पेन वर केलं. “तो डब्याशी आला की त्यांना पाठीमागचे तुम्ही दिसलेच असणार.”

“दिसलो ना. पण बाकावर बोलायचं नाही, नियम होता. विचारा तुमच्या नवऱ्याला. काय रे नंदू, पाहिलंस ना मला?”

नंदूनं चहाच्या कपात बघितलं. “माझ्या तर डोळ्यांत काजळी गेली होती,” तो म्हणाला.

बाराला पाच मिनिटं होती. बाकावर नऊ जण. साहेबानं शिट्टी ओठात धरली. उदयसिंह हरला होता. तो डब्याशी येऊन उभा राहिला, आणि त्याच्या मागे हातभर अंतरावर रामभाऊ. स्टूल रामभाऊंचं. खोली रामभाऊंची. दाराची नोटीस शालिनी चुलीत घालणार. फक्त पाच मिनिटं श्वास धरून उभं राहायचं.

रामभाऊंनी आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली येणं ही मोठी गोष्ट होती.

“आणि तेवढ्यात उदयसिंहच्या डोळ्यांत पाणी आलं. आधी उजव्या. थेंब गालावरून घसरला आणि मिशीच्या टोकाला येऊन लटकला, पडेना. ओठ थरथरून राहिले होते. अठरा वर्षं मला सलाम करणारा माणूस, दोन पोरी लग्नाच्या. ते तोंड बघितलं आणि म्हटलं, जाऊ दे रामभाऊ. आपण बादल्यांना कड्या बसवू. पुढे आलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, भिया, मी रामभाऊ. नाव नीट घे. डब्यावर पाय ठेव.”

नीरजनं चष्मा काढून पुसला. “काका,” तो म्हणाला, “असं कोण करतं यार, आजकालच्या जमान्यात.” रामभाऊंनी मान खाली घातली आणि उरलेली शेव बोटानं गोळा करायला लागले.

बेबीनं लाल पेनाला टोपण लावलं.

“भाऊजी, तुम्ही त्याच्या मागे होतात ना?”

“हाव. हातभर अंतरावर.”

“आणि थेंब आधी उजव्या डोळ्यातून आला.”

“उजव्याच. आजही दिसतो मला.”

“सातवीच्या पोरींना मी दर वर्षी शिकवते, प्रकाश सरळ रेषेत जातो. चौकीदाराच्या डोक्यातून आरपार जात नाही.” तिनं वह्यांचा गठ्ठा बाजूला ठेवला. “मिशीवरचा तो थेंब फक्त बाकावरून दिसतो. आणि उदयसिंह रडला तो आनंदानं, दहावा सापडला म्हणून. चौदा नंबरच्या साच्यामागून शेवटी डोकं काढलंतच ना, भाऊजी?”