खिडकीत ठेवलेली चावी

मी बंधाऱ्याच्या दाराची चावी बोलतेय. चावी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कुलूप येईल, पण मी तशी नाजूक नाही. हातभर लांब, लोखंडाची, बेटावरच्या लोहाराने घडवलेली. मला फिरवलं की दार खाली उतरतं आणि भरतीचं पाणी बाहेर राहतं. आत नऊ घरं, भाजीचे वाफे आणि गोड्या पाण्याची एकच विहीर.

बंधारा सगळ्यांनी मिळून बांधला, म्हणून मीही सगळ्यांची. दर आठवड्याला घर बदलते; मी ज्या घरी, भरतीला दार त्यांनी उतरवायचं. समुद्र वर्षागणिक वर चढतोय, तेव्हा हयगय नको म्हणून लोहाराने नियमच घालून दिला होता: मला हातात द्यायचं आणि घेणाऱ्याने "घेतली" म्हणायचं.

त्या आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या थोरल्या जावेकडून मला धाकटीकडे जायचं होतं. दोघींचा महिनाभर अबोला. कारण काय, तर थोरलीने हौसेने धाकटीच्या बाळाला झबलं शिवलं आणि धाकटीने चारचौघांत त्याला पोतं म्हटलं. थोरली आली, मला धाकटीच्या खिडकीत ठेवून तशीच गेली. धाकटीने मला पाहिलं, नाक मुरडलं आणि कामाला लागली.

आणि मी? खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. खाऱ्या पाण्याने अंग गंजतं माझं. ऊन खात पडून राहिले. मला ओरडता आलं नसतं हे खरं, पण ओरडावंसंही वाटलं नाही, हेच मनाला खातं.

दुपारी अमावस्येचं उधाण आलं. दार उघडंच होतं. वाफे बुडाले, विहीर खारट झाली.

नऊ घरांनी मिळून चार दिवस विहीर उपसली. दोर ओढता ओढता दोघी जावा समोरासमोर आल्या.

"हातात द्यायला हवी होती मी," थोरली म्हणाली.

धाकटीने वर आलेली बादली ओतून टाकली. "दिसलीच नाही असं सांगितलं मी सगळ्यांना. पाहिली होती, ताई."

पाणी अजून मचूळच आहे. ज्या बाळाचं ते झबलं, त्याच्यासाठी पाणी पलीकडच्या किनाऱ्यावरून होडीने येतं.

माफी मागायला मला तोंड नाही. आहे ते दाराच्या खुंटीवर बसण्यापुरतं. एवढंच सांगते, मला कुठे ठेवू नका, हातात द्या. नऊ आठवड्यांनी फिरून आलेली थोरलीची पाळी काल संपली. तिने मला पुढे केलं, धाकटी "घेतली" म्हणाली, तरी दोघींपैकी कुणीच मला लवकर सोडलं नाही.