सावलीत गेलेले घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने सूर्यघड्याळ आहे. मला काटे नाहीत, किल्ली नाही, टिकटिक तर नाहीच. एक दगडी चबुतरा, त्यावर आकडे कोरलेली तबकडी आणि मधोमध तिरकी पितळी पट्टी. पट्टीची सावली ज्या आकड्यावर पडेल, तितके वाजले. शहरातल्या या बागेचे आणि माझे वय एकच.

पूर्वी माझा थाट काही और होता. बागेत शिरणारा जो तो आधी माझ्यापाशी थांबे आणि मनगटावरचे घड्याळ माझ्याशी जुळवून घेई. मग एका उन्हाळ्यात माळीकाकांनी माझ्या शेजारी एक रोप लावले. "बुटक्या जातीचं आहे, कमरेच्या वर जायचं नाही," असे ते म्हणाले. रोपाने ते ऐकले नसावे. बघता बघता ते माझ्या डोक्यावर गेले, फांद्या पसरल्या आणि मी सावलीत बुडाले.

आधी मी फार चिडले. सावलीवर पोट भरणारे मी, आणि सावलीनेच माझा धंदा बसवला! पण पानांतून उन्हाचे कवडसे पडत. वारा आला की ते आकड्यांवरून पळत. क्षणात दहा, क्षणात तीन. हळूहळू मला गुंगी येऊ लागली. सकाळ कुठे संपली, दुपार कुठे लागली, कळेना. लोक वेळ बघायला येईनासे झाले आणि नुसतेच बसायला येऊ लागले. एक आजी तर रोज माझ्या चबुतऱ्याला टेकून डुलकी काढत. "या घड्याळात कधी उशीरच होत नाही," असे त्या म्हणत.

एके दिवशी बागेचे नवे साहेब आले. आजी त्यांच्याच आई, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

"घड्याळ ऐतिहासिक आहे. उद्या झाड पाडा," साहेब म्हणाले.

माळीकाकांनी मान खाली घातली. "चूक माझी आहे, साहेब. तिची शिक्षा झाडाला नको."

साहेब ऐकेनात. माझ्यापायी झाड जाणार होते. ओरडावेसे वाटले, पण दगडाला तोंड कुठून आणणार?

तेवढ्यात आजींनी डोळे उघडले. "अरे, झाडाला कशाला हात लावतोस? घड्याळ उचल की!"

"आई, मी कामावर आहे," साहेब हळूच म्हणाले.

"मग काम कर. कुऱ्हाड कसली आणतोस!"

माळीकाकांनी तोंड फिरवून हसू लपवले.

गवंड्याने मला पूर्वेकडच्या मोकळ्या हिरवळीवर नेले आणि उत्तर दिशा धरून नीट बसवले. आता मी अचूक वेळ दाखवते. लोक बघतात आणि लगबगीने निघून जातात. आजी मात्र अजून झाडाखालीच बसतात. मला त्या दोघांची फार आठवण येते.

म्हणून सांगते, मित्रांनो, रोप लावताना ते किती वाढेल याचा विचार करा. आणि अंदाज चुकलाच, तर त्याला तोडण्याआधी आपल्याला थोडे सरकता येते का, ते बघा. मी सरकले. संध्याकाळी बाग बंद व्हायच्या आधी या. झाडाची सावली लांबत लांबत गवतावरून माझ्याकडे येते. ती तबकडीवर चढली की मी वेळ सांगायचे सोडून देते.