उमाबाईंच्या नावाचं वांगं

मी एक वांगं बोलतोय. भरलेलं, शेंगदाण्याच्या कुटानं पोट फुगलेलं, रश्श्यात बुडालेलं. हसू नका. वांग्याला काय सांगायचं असणार, असं तुम्हाला वाटेल. पण आज दुपारी मी दुसऱ्याच्या नावानं ताटात बसलो होतो, आणि त्या अर्ध्या तासात माझी जी गत झाली ती वैऱ्याचीही होऊ नये.

माझा जन्म सोलापूरकडच्या एका मोठ्या मळ्यातला. मालक कष्टाळू होता. दर चौथ्या दिवशी पाठीवर पंप घेऊन यायचा आणि आमच्यावर औषध मारून जायचा. कडेच्या दोन सऱ्यांकडे मात्र पंप कधी वळला नाही. ती वांगी मालकाच्या घरी जायची, आम्ही बाजारात. मला तो आमचाच मान वाटायचा. तोडणीच्या आदल्या संध्याकाळीही आमच्यावर एक हात फिरला. अंगावर एक डाग नव्हता, आणि त्या रूपाचा मला भलता गर्व होता.

क्रेटमध्ये बसून मी उमरग्याच्या बाजारात आलो. तिथं सोमेश नावाच्या माणसानं आमचा अख्खा क्रेट उचलला. घासाघीस केली नाही. बाजारात घासाघीस न करणारा माणूस एकतर घाईत असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो. सोमेशचं दोन्ही होतं.

सोमेश आणि त्याची बायको राजेश्वरी यांनी माकणीच्या रस्त्याला अठरा दिवसांपूर्वी हॉटेल काढलंय. जे आसपासच्या शिवारात पिकतं तेच ताटात, असा त्यांचा नेम. दारातल्या फळ्यावर राजेश्वरी रोज सकाळी लिहिते: ज्वारी कुणाची, दही कुणाच्या म्हशीचं, भाजी कुठल्या रानातली. आजची तिसरी ओळ होती, ‘भरली वांगी: उमाबाईंच्या रानातली, बिनऔषधाची.’

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! ती सोनुबाई म्हणजे मी.

स्वयंपाकघरात कामाला असलेल्या तुळजाबाईंनी मला हातात घेतलं आणि त्या थबकल्या. “ही उमाबाईची न्हाईत.”

“हळू बोला, काकू,” सोमेश म्हणाला. “उमाबाईचा सकाळी फोन आलता. अळी पडली म्हणून परवा त्यांनी औषध मारलंय. आठ दिवस तोडायचं न्हाय म्हणल्या. आता चाळीस ताटं सांगितलीत, निम्मी माणसं वांग्यासाठीच येत्यात. मी काय करू?”

“राजेश्वरीला सांगा.”

“ती हॉटेल बंद ठेवंल, पर हे करू देणार न्हाय. आज देठ कापूनच भरा. मसाल्यात कुणाला कळतंय?”

तुळजाबाईंनी देठ कापायला घेतले. पण कामावरच्या बाईनं हुकूम पाळणं म्हणजे होकार नसतो, हे सोमेशला कळायला दुपार व्हावी लागली.

दुपारी दारात गाडी थांबली. महालिंगप्पा उतरले. उमरग्याचे भुसार व्यापारी, भारदस्त माणूस. सोबत त्यांची सून अक्षदा, सातवा महिना लागलेली. आणि मागून, पदर सावरत, अक्षदाची आई. राजेश्वरी हसत पुढं आली, “या, उमाबाई मावशी!”

कढईत होतो तिथं मी गार पडलो.

त्याचं असं झालं होतं की महालिंगप्पा उमाबाईंना लेकीच्या भेटीसाठी आणायला गेले आणि हट्टानं इकडंच घेऊन आले. विहीणबाईंचं नाव फळ्यावर लागलंय हे त्यांनी अख्ख्या बाजारपेठेत सांगितलं होतं. ते नाव त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. औषध मारल्याचं उमाबाईंच्या ओठावर येत होतं, पण एवढ्या कौतुकापुढं बाईला ते गाडीत बोलवेना. आज वांगी नसणारच, पिठलं-भाकरी खाऊन येऊ, असा त्यांनी मनाशी विचार केला.

फळ्यावरचं नाव वाचून त्या जरा चमकल्या. पुसायचं राहिलं असेल असं समजून बसल्या. आणि मग ताटं आली. अक्षदाच्या ताटात मी.

उमाबाईंनी मला पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला नीट दिसत होतं. रोज तोडणीला हॉटेलचाच माणूस त्यांच्या रानात जायचा. आजही गेला असणार, न सांगता. म्हणजे ही माझीच वांगी, परवाच्या औषधाची!

“व्वा, विहीणबाई!” महालिंगप्पा भाकरी मोडत म्हणाले. “आधी आमच्या सुनेला खाऊ द्या. आईच्या हातचं पीक हाय.”

अक्षदानं माझा तुकडा मोडला. घास उचलला. मी आतून ओरडत होतो, पण वांग्याचा आवाज कुणाला ऐकू जातो? मी उमाबाईंचा नसेन, पण औषध माझ्याही अंगात होतंच की!

“खाऊ नगं!” उमाबाईंनी लेकीचा हात धरला. “ठेव घास खाली!”

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं.

“अगं आई, काय झालं?”

“माझीच वांगी हाईत. परवा औषध मारलंय म्या. अळीनं सगळं चाललं होतं, म्हणून मारलं. कुणीच खाऊ नगा.”

महालिंगप्पांनी भाकरी ताटात ठेवली. “आन् मी गावभर बिनऔषधाची म्हणून सांगत हिंडलो,” एवढंच ते म्हणाले. शेजारच्या टेबलांवर ताटं सरकायला लागली. उमाबाई मान खाली घालून बसल्या.

राजेश्वरी धावत आली. “मावशी, कळवायचं तरी होतं!”

“सकाळीच केलता की फोन. व्हय का न्हाय रे, सोमेश?”

साऱ्यांच्या नजरा सोमेशवर. “केलता,” तो म्हणाला, “पर तवर... तोडणी झाली असंल.”

काय राग आला मला! त्या बाईनं लेकीसाठी भर हॉटेलात आपली चूक सांगितली, आणि या गड्यानं तिच्याच पदराआड तोंड लपवलं. एक शब्द, फक्त एक शब्द मला बोलता आला असता तर!

स्वयंपाकघराचं दार वाजलं. तुळजाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी दोन्ही तळहात पुढं केले. “उमाबाईच्या वांग्याच्या देठावरच्या काट्यांनी रोज माझी बोटं रक्ताळत्यात. आज एक काटा टोचला न्हाय. देठ कापायला का लावलं, ते मालकाला इचारा.”

सोमेश खाली बसला. “उमरग्याच्या बाजारातनं आणली,” तो म्हणाला. “चुकलो.”

राजेश्वरीनं बादली आणली. टेबलामागून टेबल ती फिरली आणि प्रत्येक ताटातलं वांगं उचलत गेली. “ही आमच्या शिवारातली नाहीत. आम्ही खोटं लिहिलं,” असं ती दर टेबलापाशी म्हणत होती. काहीजण उठून गेले. एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता. पण तिनं एकही टेबल सोडलं नाही.

महालिंगप्पांनी उमाबाईंपुढं हात जोडले. “विहीणबाई, आमच्या नातवंडासाठी स्वतःचं नाव पणाला लावलंत,” ते म्हणाले. मग राजेश्वरीकडं वळले. “पोरी, फळ्यावर लिव. उमाबाईंनी औषध मारलंय, म्हणून आज वांगी न्हाईत. असंच लिव. ह्या नावावर मी परत येईन.”

तिनं तसंच लिहिलं.

उमाबाईंनी बादलीत वाकून पाहिलं. “मग कुणाच्या रानातली हाईत रं ही?”

“ठाऊक न्हाय, मावशी. इचारलंच न्हाय.”

“कुणीतरी राबलं असंल की ह्याच्यासाठी बी,” त्या हळूच म्हणाल्या. मला माझ्या मालकाची पंपानं वाकलेली पाठ आठवली आणि भरून आलं.

आता मी हॉटेलामागच्या खड्ड्यात आहे. जनावरांनाही घालायचं नाही, असं उमाबाईंनी बजावलंय. थोड्या वेळात माती पडेल. त्याचं मला काही वाटत नाही. धास्ती आहे ती राजेश्वरीची. उद्या दारात कुणी येईल की नाही, कोण जाणे.

एवढंच मागणं आहे. कधी माकणीच्या रस्त्यानं गेलात आणि त्या फळ्यावर ‘आज वांगी नाहीत’ असं दिसलं, तर गाडी वळवू नका. आत जा, बसा, आणि पिठलं मागवा.